लोहाऱ्याची बस येईपर्यंत

“आज माजं नाव पाटीवर न्हाय व्हय?”

आवाज क्षीण होता, आणि प्रश्न कोणाला उद्देशून आहे हेही त्यातून कळत नव्हते. धाराशिवच्या त्या डायलिसिस केंद्राच्या दालनात, भिंतीवरच्या पडद्याखाली, हातात कापडी पिशवी घेऊन एक वृद्ध स्त्री मान वर करून उभी होती. पडद्यावर पाच खुर्च्या आणि पाच नावे होती. त्या पाच ओळींवरून तिची दृष्टी वरून खाली आणि खालून वर फिरत होती. तिला वाचता येत नव्हते, पण आपल्या नावाचा आकार ती ओळखत असावी. कारण चौथ्या ओळीपाशी येऊन ती प्रत्येक वेळी थांबे, आणि तिथे आपले काही नाही हे पटले की पुन्हा पहिल्या ओळीकडे जाई. कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या कृष्णराजने तिच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले. पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि तिथे पायरी नसावी, तसा धक्का त्याला बसला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.

क्षणापूर्वीपर्यंत तो सुखात होता. सकाळी सातपासून तो त्या बाकावर बसला होता, आणि आपल्या कामाकडे कोणाचेही लक्ष जात नाही, ही गोष्ट तो एखाद्या प्रसादासारखी हळूहळू चाखत होता. केंद्रातील रुग्णांच्या पाळ्या लावणारे जुने सॉफ्टवेअर त्याने गेल्या चार महिन्यांत आतून पूर्ण नवे केले होते, आणि त्या नव्या रूपाचा आज पहिला दिवस होता. बाहेरून काहीच बदललेले नव्हते. तीच हिरवी पट्टी, तीच अक्षरे, तेच बटण. जे पालटले ते कोणाला दिसू नये, हेच या कामाचे यश. तसे पाहिले तर काम सांगायला सोपे होते. नऊ वर्षांपूर्वी हे लिहिले गेले तेव्हाच्या रीतीत पडद्यावरच्या प्रत्येक भागाची, म्हणजे कंपोनेंटची, सारी कामे एका मोठ्या कंसात एकाखाली एक मांडलेली असत. आणि माहिती सांभाळणाऱ्या स्टोअरमध्ये बाहेरून आणलेली तयार कामांची गाठोडी तशीच सोडून देता येत. त्या गाठोड्यांना मिक्सिन म्हणत. आता ज्या पायावर हे सारे उभे होते, त्याच्या नव्या आवृत्तीने ती रीत स्वीकारणे बंद केले होते. आता प्रत्येकाचा क्लास, म्हणजे स्वतंत्र साचा, बांधायचा, त्याचे मूळ कोणते ते पहिल्या ओळीतच सांगायचे, आणि गाठोडी सोडून त्यांतल्या एकेका वस्तूला तिची नेमकी जागा द्यायची. कंपोनेंट एकोणीस होती, स्टोअर चार आणि गाठोडी अकरा. जुन्या रीतीत प्रत्येक कामाला आपला धनी कोण हे आपोआप कळे. नव्या रीतीत ती गाठ हाताने बांधावी लागे, नाहीतर बटण दाबले तरी काम जागच्या जागी भांबावून उभे राही. कृष्णराजने अशा त्रेचाळीस गाठी बांधल्या होत्या आणि प्रत्येक दोनदा ओढून पाहिली होती. आणखी एक नियम त्याला मनापासून आवडला होता. एका क्लासमधून दुसरा जन्मत असेल, तर नव्याने आपल्या घडणीच्या आरंभी मुळाला हाक मारली पाहिजे. ती मारेपर्यंत त्याला स्वतःचे नावही घेता येत नाही. बालपणी तुळजापूरच्या पाठशाळेत पहाटे संथा सुरू होण्यापूर्वी गुरुपरंपरेला वंदन करण्याचा जो शिरस्ता होता, तो या परक्या यंत्रशास्त्रात भेटावा याचे त्याला केवढे नवल वाटले होते! ती ओळ त्याने प्रत्येक वेळी किंचित थांबून लिहिली होती. आणि आता, त्या म्हातारीच्या वर उचललेल्या हनुवटीकडे पाहताना, त्या थांबण्यामागे आदर किती होता आणि आपण आदर दाखवत आहोत याचे कौतुक किती होते, हा प्रश्न त्याच्या मनात उगाच डोकावून गेला.

“आजी, तुमची खुर्ची गेली की हो!” आतल्या दारातून तारामती बाहेर आली. ती केंद्राची मुख्य परिचारिका. “साडेअकराची पाळी तुमची, पावणेबारालाच नाव उतरलं. गोरोबा काका बसलेत तिथं. सुया लावून झाल्या.”

“बस आत्ता आली माय,” ती म्हातारी, इरम्मा, म्हणाली. “रोजच्याच टायमाला आली.”

“रोज तर तुमचं नाव राहतं. आज कंप्युटरनं कसं काय काढलं, कोण जाणे.” तारामतीने बोलता बोलताच म्हातारीचे मनगट हातात घेतले, तिच्या पायाच्या सुजेवर अंगठा दाबला आणि तो खड्डा भरून येण्याची वाट पाहिली. खड्डा भरून येईना. “सोमवारी का आला नाहीत?”

“गावाम्होरचा पूल बंद हुता. येन माडादु? काय करावं माणसानं?”

तारामती सरळ कृष्णराजच्या बाकापाशी आली आणि आवाज उतरवून म्हणाली, “सर, गेल्या गुरुवारपासून यांचं रक्त शुद्ध झालेलं नाही. आठ दिवस झाले. छातीत पाणी चढायला लागलंय, बोलताना धाप ऐकली ना तुम्ही? दुसरी खुर्ची रिकामी नाही. आज इथं झालं नाही तर मला यांना सोलापूरला पाठवावं लागेल, आणि वाटेत काय होईल ते मी सांगू शकत नाही.” मग कपाळाला हात लावून, “इतकी वर्षं मला वाटायचं, यांचं नाव उशिराच उतरतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या पोचेपर्यंत उतरायचंच नाही.”

उतरायचंच नाही. कृष्णराजच्या डोळ्यांसमोर कसलीही खटपट न करता एक लहानशी फाइल उभी राहिली. अकरा गाठोड्यांपैकी ते नववे होते. त्याचे नाव होते ‘लोहारा’. आत सात गावांची नावे आणि एक आकडा : पंचेचाळीस. स्पष्टीकरणाची एक ओळही नाही. महिनाभरापूर्वी एका दुपारी ते उघडले तेव्हा तो हसला होता, आणि त्या हसण्यात प्रेम होते, हे त्याला आजही शपथेवर सांगता आले असते. कारण या भागात संगणकाचे काम करणाऱ्या माणसांची एक खोड आहे. काम तपासून पाहायला खोटी माहिती भरावी लागते, आणि खोटे रचायचे तर डोक्यात पहिल्यांदा आपलेच गाव येते. कृष्णराजच्या स्वतःच्या चाचणीतले सगळे रुग्ण त्याच्या मावश्या, मामा आणि आत्येभाऊ होते. त्यांतल्या एकालाही मूत्रपिंडाचा विकार नव्हता. तेव्हा हे मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लोहाऱ्याच्या अण्णांनी लोहारा तालुक्यातली गावे लिहून ठेवली असतील, तर ती चाचणीचीच असणार. अण्णांच्या हातून पुसायची राहिली असतील, असे म्हणून त्याने ती पुसली. क्लास कसा स्वच्छ झाला! सगळ्या चाचण्या पार पडून हिरव्या उजळल्या. त्या मावश्यांपैकी कोणीच लोहाऱ्याच्या बसने येत नव्हती, मग चाचण्या उजळणार नाहीत तर काय?

अण्णा म्हणजे धुळाप्पा. त्यांना विचारले असते तर एका वाक्यात उत्तर मिळाले असते, आणि ते एका हाकेच्या अंतरावर होते. फोन लावायचा एवढेच. का लावला नाही? या चार महिन्यांत ही गोष्ट कितीदा मनात येऊन गेली होती, आणि दर वेळी त्याने स्वतःला एक सुंदर कारण दिले होते. धुळाप्पांची दृष्टी तीन वर्षांपूर्वी गेली. साखरेच्या विकाराने डोळ्यांचा पडदा खाल्ला. ज्यांना आता आपले लिहिलेले दिसत नाही, त्यांना ते मोडले जात असल्याचे कशाला सांगायचे? सगळे सिद्ध झाल्यावर एकदम जावे, पाया पडावे आणि म्हणावे, अण्णा, तुमचे घर होते तसेच आहे, मी फक्त वासे बदलले. केवढी ती कनवाळू कल्पना! आता या बाकावर, धापा टाकणाऱ्या म्हातारीच्या समोर, त्या कल्पनेचे वस्त्र आपोआप गळून पडले आणि आत दिसला तो साधा अहंकार. विचारावे लागू नये एवढे मला येते, हे त्याला सिद्ध करायचे होते. तेही कोणाला? ज्याने हाताला धरून शिकवले त्याला. अकरा वर्षांपूर्वी लोहाऱ्याच्या शाळेतली संस्कृतची तुकडी विद्यार्थ्यांअभावी बंद झाली, तेव्हा कृष्णराज त्रेचाळीस वर्षांचा होता. घडीच्या उपरण्यासारखी आपली विद्या कोणाच्या उपयोगाची राहिली नाही, असे त्याला झाले होते. तहसील कचेरीसमोर धुळाप्पांचे टंकलेखनाचे वर्ग होते. सात-आठ जुनी यंत्रे आणि त्यांच्या पलीकडे तीन संगणक. तिथे तो अर्ज टाइप करून घ्यायला गेला होता. अर्ज वाचून धुळाप्पा म्हणाले होते, “पंडित, तुमचं ते व्याकरण म्हंजे असं झालं की तसं करायचं, न्हाय तर तिसरं करायचं, असंच असतंय न्हवं? मग बसा हितं. हे बी तसंच हाय, फकस्त ह्याला सोवळं लागत न्हाय.” आणि तो बसला होता. पहिल्या सहा महिन्यांनंतर ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले, पण ‘पंडित’ मात्र राहिले.

दालनात आता माणसे बोलू लागली होती. कोणी म्हणाले, मशीनच बिघडले. कोणी म्हणाले, हल्ली सगळे असेच, माणसाचे ऐकतच नाही. सगळा दोष त्या निर्विकार पडद्यावर जाऊन बसत होता आणि पडदा तो निमूटपणे घेत होता. कृष्णराजने एक शब्दही बोलायची गरज नव्हती. उद्या सकाळी ते सात गावांचे गाठोडे शांतपणे परत ठेवता आले असते. कोणाला कळलेही नसते, कारण कोणाला कळू नये असेच तर हे काम. ही वाट किती सपाट आहे हे त्याला स्पष्ट दिसले. आणि त्याच वेळी त्याला दिसले की इरम्मा अजूनही पडद्याकडेच पाहत आहे. ती रागावलेली नव्हती. आपलेच काही चुकले असावे, अशा भावाने ती चौथी ओळ पुन्हा तपासत होती. ते त्याला सोसवले नाही.

तो उठला. “मशीन बिघडलेलं नाही,” तो म्हणाला, आणि आपला आवाज शाळेतल्यासारखा मोठा आला याची त्याला लाज वाटली. “लांबून येणाऱ्यांसाठी थांबायची सोय यात होती. मी नवीन लिहिताना ती काढून टाकली. कशासाठी आहे ते मी विचारलं नाही. चूक माझी आहे, आजी. तुमच्या बसची नाही आणि तुमचीही नाही.”

मग आतून, उघड्या दारामागच्या चौथ्या खुर्चीवरून, एक घोगरा आवाज आला. “ओ सर, भाषण झालं असंल तर हिकडं या.”

तो तामलवाडीचा गोरोबा होता. साठीचा, दाढीचे खुंट वाढलेला, डाव्या हातातून दोन तांबड्या नळ्या निघालेल्या. आठवड्यातल्या ठरलेल्या पाळ्या त्याला होत्याच. पण अंगात पाणी जास्त झाले की रिकामी खुर्ची मिळेल या आशेने तो मधल्या दिवशीही येऊन बसे. आज ती मिळाली होती. “कोण, लोहाऱ्याकडची म्हातारी का? आठ रोज झाले म्हनता? मग काढा की माझ्या सुया. सिस्टर, बघताय काय?”

“काका, असं मनानं नाही काढता येत. डॉक्टरांना विचारावं लागतं.”

“मग इचारा. मला उद्याची पाळी हायच. एक दिवस पानी कमी पेतो, मरत न्हाय. आन् सरकून बसायचं तामलवाडीच्या मानसाला काय शिकवता? आमी एका जीपमधी सोळा जन बसतो, डायवर धरून सतरा.” मग कृष्णराजकडे पाहून, “तुमी काय असं उभं राहिलाव, कुनी मेल्यावानी? चूक कबूल करनारा मानूस आमच्याकडं निवडनुकीला बी उभा राहत न्हाय. बसा.”

तारामती हसली, आणि हसत हसतच तिने फोन लावला. डॉक्टरांनी गोरोबाचा रक्तदाब विचारला, वजन विचारले, उद्याची पाळी नक्की आहे ना हे दोनदा विचारले, आणि संमती दिली. नळ्यांमधले रक्त परत त्याच्या देहात सोडायला वेळ लागणार होता, मग यंत्र धुवायला, मग नवी जुळणी. तोपर्यंत इरम्माला प्राणवायू लावून एका खाटेवर अर्धवट बसते केले. कृष्णराज तिच्या पायथ्याशी स्टुलावर बसला. त्या तासाभरात त्याने काहीही केले नाही. यंत्रातून गोरोबाचे रक्त मागे मागे सरकत होते, आणि त्याची जागा स्वच्छ पाणी घेत होते. तांबड्या नळ्या गुलाबी झाल्या, मग फिकट, मग पारदर्शक. त्याला वाटले, आयुष्यात आपल्याला जे जे मिळाले ते असेच कोणीतरी सरकून बसल्यामुळे मिळाले. पाठशाळेत त्याला घेतले तेव्हा पंगतीतले एक पान वाढवावे लागले होते. धुळाप्पांनी तीनपैकी एक संगणक त्याला दिला, म्हणजे शिकणाऱ्या दोन पोरांना एकावर बसवले. त्या त्या वेळी त्याला हे दिसले नव्हते. देणाऱ्याने जागा करून दिली, की घेणाऱ्याला वाटते जागा रिकामीच होती. इरम्माचे नाव नऊ वर्षे ज्या चौथ्या ओळीवर टिकून राहिले, तीही अशीच केलेली जागा होती. ज्याने केली त्याने तसे लिहूनही ठेवले नव्हते. कृतज्ञता म्हणजे गोड काहीतरी असते, असे तो आजवर समजत आला होता. तिच्यात एवढी जळजळ असते हे त्याला ठाऊक नव्हते. तरीही ती कृतज्ञताच होती. त्या जळजळीच्या तळाशी एक गार, भरलेली जागा होती, आणि तिथे मन टेकत होते.

दीड वाजता इरम्मा चौथ्या खुर्चीवर बसली. सुया लागल्या, यंत्राचे चाक फिरू लागले, आणि तारामतीने दुरूनच मान हलवली : आता सोलापूर नाही. कृष्णराज बाहेरच्या व्हरांड्यात आला आणि त्याने लोहाऱ्याला फोन लावला.

“का रं पंडित? लई दिसांनी आठवण झाली आंधळ्याची.”

“अण्णा, माझ्या हातून एक अपराध झालाय.”

“संस्कृतमधी सांगू नगस. काय मोडलंस?”

त्याने सगळे सांगितले. क्लासची मांडणी, अकरा गाठोडी, नववे गाठोडे, इरम्मा. मग धुळाप्पा बोलू लागले, आणि ते काय बोलत आहेत हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. ते ती सात गावे म्हणत होते. ज्या क्रमाने लिहिली होती त्याच क्रमाने, एकही न वगळता. गावांनंतर पंचेचाळीस. त्यानंतर त्या फाइलमधली पुढची ओळ, तिच्या पुढची, कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला ते. डोळे गेलेला तो माणूस आपले नऊ वर्षांपूर्वीचे लेखन मुखोद्गत म्हणत होता, संथपणे, पदे तोडून, आणि कृष्णराज व्हरांड्याच्या कठड्याला धरून, पाठशाळेतल्या मुलासारखा, ऐकत होता.

“पंचेचाळीस कुठून आलं, अण्णा?”

“स्टँडवरनं. अठरा रोज बसलो हुतो धाराशिवच्या स्टँडवर, वही घेऊन. लोहाऱ्याची गाडी टाइमटेबलात सव्वाअकराची, पर येती कवा? ते कंडक्टर मला हसायचे. म्हनायचे, धुळाप्पा, नोकरी लागली का तुला गाड्या मोजायची? मग तितनं केंद्रापतुर चालत गेलो, घड्याळ लावून. तवा साडेअकराच्या पाळीला समदं धरून पंचेचाळीस मिन्टं थांबायचं.”

“हे लिहून का ठेवलं नाहीत तुम्ही?” प्रश्न निसटला आणि त्याला तो मागे घ्यावासा वाटला.

“ठेवलं न्हाय, खरं हाय,” धुळाप्पा म्हणाले. “फायलीला लोहारा नाव दिलं, म्हनलं झालं. आपल्याला म्हाईत असलं की जगाला म्हाईत हाय असं वाटतंय बघ. त्यो माझा गुन्हा. अर्धा तुझा, अर्धा माझा. रडू नगस.”

“मी आत्ता ते होतं तसं परत घालतो. वेगळा क्लास करतो, सगळं स्पष्टीकरण लिहितो.”

“क्लास कर. गावं घाल. पर पंचेचाळीस घालू नगस.”

“का?”

“आरं, नऊ वर्सांखालचा आकडा त्यो. रस्ता बदलला, गाड्या बदलल्या. म्हातारी बी नऊ वर्सांनी म्हातारी झाली का न्हाय? माझी ओळ पुसलीस म्हनून मला राग न्हाय आला. पर न बगता तशीच परत ठेवलीस तर येईल. तू जा आन् बस.”

तो परत आत आला तेव्हा इरम्माचे डोळे मिटलेले होते. श्वास खाली उतरला होता, एका लयीत पडत होता. तो जवळ उभा राहिलेला तिला कळले असावे. “तुमी त्ये पाटीचं काम करतांव व्हय?” डोळे न उघडता ती म्हणाली. “मला वाटायचं, हितं कुनीतरी मला वळखतं. म्हनून माजं नाव ठिवतंय.”

“ओळखत होते, आजी. लोहाऱ्याला असतात ते. धुळाप्पा.”

“मला ठावं न्हाय त्येंचं नाव.” तिने मोकळा हात छातीशी नेला. “शिवा त्येंचं बरं करो.”

शुक्रवारी सकाळी त्याने स्टोअरच्या शेजारी एक नवा क्लास बांधला. पहिल्या ओळीत मुळाला हाक मारली. सात गावे लिहिली आणि प्रत्येक गावासमोर, पुढे येणाऱ्या कोणा अनोळखी माणसासाठी, ते तिथे का आहे ते साध्या मराठीत लिहिले. हे कोणी प्रथम केले तेही लिहिले. आकड्याची जागा रिकामी ठेवली, आणि ती भरेपर्यंत या गावांची नावे उतरवू नयेत असे तारामतीला सांगितले. तिने ते एका कागदावर लिहून पडद्याखाली चिकटवले. मग तो वही घेऊन बसस्थानकावर गेला. शुक्रवारी लोहाऱ्याची बस अकरा वाजून बावन्न मिनिटांनी आली. शनिवारी दोन मिनिटे आधी. रविवारी त्याने बाकावर बसल्याबसल्या फलाटावरची माणसे पाहिली, आणि आपण कोणाचीही वाट पाहत नसताना वाट पाहत आहोत, या स्थितीत एक विलक्षण स्वस्थता आहे, असे त्याच्या ध्यानात आले. एका वाहकाने विचारलेच, “काय गुरुजी, कुनाला घ्यायला आलाव?” तो नुसता हसला, आणि धुळाप्पा इथे असेच हसले असतील, हे त्याला अगदी जवळून जाणवले.

सोमवारी बस अकरा वाजून एकावन्न मिनिटांनी लागली. कृष्णराजने वहीत वेळ लिहिली. जुन्या हिशेबाने पुष्कळ अवकाश होता. साडेअकरानंतरची पंचेचाळीस मिनिटे संपायला, म्हणजे सव्वाबाराला, अजून चोवीस मिनिटे होती. सगळ्यांत शेवटी इरम्मा उतरली, आधी पिशवी खालच्या पायरीवर ठेवून, मग दांडा धरून, मग एक पाय.

“तुमी हितं?” ती म्हणाली.

“तुमच्याबरोबर चालायला आलोय. रिक्षा करू का?”

“नगं बाबा. रिक्षात बसलं की पोटात ढवळतंय. एरवी स्टँडवर गावचं कुनीतरी फटफटीवर सोडतंय, आज न्हाय कुनी, म्या आपली चालत जाते.”

ती चालू लागली. वीस पावलांवर थांबली. पुन्हा चालली. औषधाच्या दुकानापाशी खांबाला टेकली, आणि समोरून जाणाऱ्या गाड्यांकडे, त्या आपल्यासाठीच थांबल्या आहेत की काय अशा शांतपणे पाहत राहिली. तिच्यामागून निघालेली सगळी माणसे तिला ओलांडून गेली होती. धुळाप्पा हे अंतर नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या पायांनी चालले होते. कृष्णराजची पावले सारखी पुढे जात होती आणि त्याला ती मागे घ्यावी लागत होती. आयुष्यभर एका विशिष्ट गतीने चालत आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गतीने चालणे किती अवघड, हे त्याला पहिल्यांदा कळत होते. वाटेत एका बंद दुकानाची पायरी लागली. इरम्मा तिच्यावर बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. त्याने घड्याळ पाहिले. बारा वाजून पंधरा मिनिटे. केंद्र अजून दोन वळणे पलीकडे होते. पंचेचाळीसची ती ओळ जशीच्या तशी परत ठेवली असती, तर नेमके या क्षणी, ती इथे दम घेत बसलेली असताना, तिकडे तिचे नाव पडद्यावरून उतरले असते.

“तुमी व्हा म्होरं,” ती म्हणाली. “तुमाला कामं असतील. म्या येते सावकाश.”

“हेच काम आहे, आजी.”

तिला ते पटले नसावे. तरी पायरीवर थोडी सरकून तिने आपल्या शेजारी जागा केली. कृष्णराज बसला, आणि त्याने घड्याळ खाली ठेवले नाही. नव्या आकड्यात हे बसणेही मोजायचे होते.